ट्रायपॉडविना काढलेला फोटो

काटेरी तारेवर दंव गोठलं की त्याची बारीक पिसं होतात. वारा नसेल तर ती दिवसभर जागची हलत नाहीत. आगगाडी कानाला कळायच्या आधी त्यातली एकदोन सुटतात आणि सरळ खाली पडतात. मग आणखी चारदोन सुटतात, आणि बघता बघता दोन खांबांमधली अख्खी तार भुरभुरायला लागते. रूळ गुणगुणतात ते त्यानंतर. टेक्ला होलोविचने हे कित्येक हिवाळे पाहून ठेवलं होतं. हॅडलो गावाबाहेरच्या या वळणावर ती गाडीची वाट पाहायची ती घड्याळाकडे नव्हे, तारेकडे बघत.

आज तारेवरची पिसं अजून जागच्या जागी होती. जागेवर नव्हता तो कॅमेऱ्याचा ट्रायपॉड.

"झेनॉन," तिने मोटारीच्या मागच्या दाराशी उभी राहून नवऱ्याला हाक मारली, "ट्रायपॉड कुठाय?"

झेनॉन पुढच्या सीटवर थर्मासचं झाकण फिरवत बसला होता. "मागेच असेल की."

"मागे फावडं आहे, वाळूची पोती आहेत, तुझे फाटके बूट आहेत. ट्रायपॉड नाही."

झाकण फिरायचं थांबलं. "अरे देवा."

"काय झालं?"

"तळ्यावर राहिला."

"तळ्यावर?"

"माझ्या झोपडीत. शनिवारी नेला होता. कंदील टांगायला तिथे काहीच नव्हतं गं. म्हटलं, येताना घेऊन येईन."

तळं गोठलं की हॅडलोचे पुरुष आपापली लाकडी झोपडी ओढत बर्फावर नेतात, आत भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून तासन्तास बसतात. बायका त्याला मासेमारी म्हणत नाहीत, बसणं म्हणतात.

"माझा ट्रायपॉड तू मासे धरायला नेलास?"

"मासे धरायला नाही, कंदील धरायला. मासे मी धरतो."

"किती धरलेस?"

"एकही नाही," झेनॉन खाली मान घालून म्हणाला. "पण उजेड झकास पडला होता."

टेक्लाला हसू आलं, पण ते तोंडावर न आणता तिने मागचं दार लावून टाकलं. तळं गावाच्या पलीकडच्या अंगाला होतं. आता जाऊन यायचं म्हणजे गाडी चुकवायची.

दरवर्षी डिसेंबरात रेल्वे कंपनी ही नाताळची गाडी काढते. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत दिवे लावलेली गाडी देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. वाटेत गावोगाव थांबते, एका डब्याची बाजू उघडून तिचा रंगमंच होतो, गाणारे चारदोन गाणी म्हणतात, आणि लोक गरजूंसाठी पिशव्या भरभरून डबाबंद अन्न आणून देतात. त्या संध्याकाळी अख्खं हॅडलो स्टेशनात असतं. टेक्ला मात्र मटाराचे, सामन माशाचे आणि टोमॅटोचे डबे दुपारीच फूड बँकेच्या मेजावर ठेवून येते आणि कॅमेरा घेऊन वळणावर जाते. स्टेशनात गाडी गावाची असते. वळणावर ती एकट्या टेक्लाची असते, आणि तिथे गाडी वाकते तेव्हा तिची सगळी लांबी एका नजरेत मावते.

तो फोटो मग नाताळच्या कार्डावर छापला जातो. टेक्लाचं घराणं युक्रेनमधून आलेलं, त्यांचा नाताळ जानेवारीत. त्यामुळे याच डिसेंबरातली गाडी याच वर्षाच्या कार्डावर येऊ शकते. "दोन आठवडे मागे राहायचा आम्हाला एवढाच काय तो फायदा," असं गावातल्या रूडिकआजी म्हणायच्या. कार्ड कोणतं हेही त्याच ठरवायच्या. गाडी गेल्यावर सगळे चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवायला जमत, टेक्लाचा कॅमेरा ताटांवरून हातोहात फिरे, आणि शेवटी आजी ज्या फोटोवर बोट ठेवतील तो कार्डाचा.

"चहा घे," झेनॉनने काच खाली करून कप पुढे केला. अपराधी माणूस फार लवकर चहा देतो.

कप अर्धाच होता.

"पूर्ण भर की."

"गार होतो लगेच. अर्धा पी, मग परत देतो."

गेल्या हिवाळ्यापासून त्याचं हे चालू होतं. सूप अर्धी वाटी, चहा अर्धा कप. साठी उलटल्यावर माणसाला नाही नाही त्या सवयी लागतात, तशीच ही एक, असं टेक्लाने मनाशी धरलं होतं. हातमोजे चढवलेल्या दोन्ही हातांत कप धरून ती चहा प्यायली.

"ऐक," झेनॉन म्हणाला, "मी पुढे उभा राहतो, माझ्या खांद्यावर कॅमेरा टेकव. मी हलणार नाही."

"तू श्वास घेतोस."

"तेवढ्यापुरता नाही घेणार."

"नको," टेक्ला म्हणाली. "हातातच धरते."

हे तिने इतक्या सरळ आवाजात म्हटलं की झेनॉनला त्यात विशेष काही वाटू नये. ट्रायपॉड तिने तीन वर्षांपूर्वी घेतला होता. उणे पंचवीसमध्ये बोटं बधिर होतात, हे कारण तिने सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण बोटं तर त्याआधीही बधिर होत होती. खरं कारण त्याच्या आधल्या वर्षीच्या फोटोत होतं. अंधारात गाडी टिपायची तर कॅमेऱ्याचं शटर जवळजवळ अर्धा सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकते आणि प्रत्येक दिवा फोटोत एक रेघ ओढतो. हात स्थिर असेल तर रेघ सरळ येते. त्या वर्षी रेघा किंचित लहरल्या होत्या. इतक्या किंचित की कार्ड छापल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. टेक्लाच्या आलं. तपासणीच्या यंत्रांनी काढलेल्या आलेखांच्या रेघा वाचण्यात तिचा सगळा जन्म गेला होता.

टेक्ला गावच्या दवाखान्यात रक्ततपासनीस होती. लोकांचं रक्त काढायचं, तिथल्या तिथे होईल ते तपासायचं, उरलेलं शहराला पाठवायचं. ती यायच्या आधी साध्या तपासणीसाठी लोकांना बर्फातून शहर गाठावं लागे. तिने काम सोडलं तर दुसरं कुणी येईपर्यंत ती खोली बंद पडणार, आणि हॅडलोला यायला कुणी रांग लावून उभं नव्हतं. शिवाय तिला ते काम आवडायचं. दंडाला पट्टा बांधायचा, डोळे मिटून बोटाने शीर शोधायची, आणि समोरच्याने "आता टोचणार का?" विचारायच्या आत काम उरकलेलं असायचं. तिच्या हाताची गावात ख्याती होती. टेक्ला टोचते तेव्हा डाससुद्धा लाजतो, असं लोक म्हणत.

हात कपाला, किल्लीला, कॅमेऱ्याला थरथरायचा. सुईला नाही, कारण सुई धरताना मनगट माणसाच्या दंडावर टेकवता येतं. जोवर टेकायला काही आहे तोवर चालतंय, असा तिचा हिशेब होता. डॉक्टरला दाखवायचं आणि कामाचं काय ते ठरवायचं, हे दोन वर्षं तिच्या मनात होतं. दर वेळी ती स्वतःला सांगे, नाताळची गाडी जाऊ दे, मग बघू. गाडी जायची. मग कार्डं असत, मग जानेवारीची कडक थंडी, मग वसंतातला चिखल, आणि बघता बघता पुन्हा गाडीचे दिवस येत.

गेल्या आठवड्यात रूडिकआजी आल्या होत्या. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू असल्यामुळे त्यांना वरचेवर यावं लागे. टेक्लाने मनगट टेकवलं, सुई घातली, आणि रक्त आलं नाही. तिने पुन्हा घातली. दुसऱ्यांदा आलं, पण आत कुठेतरी शीर दुखावली गेली होती.

"काय गं, आज आंधळी कोशिंबीर खेळतेयस का?" आजी म्हणाल्या होत्या.

"शीर सरकली, आजी."

"शीर कुठे सरकतेय? नव्वदीला आले, माझ्यातलं काहीच आता सरकत नाही."

शेजारच्या खोलीतून मुख्य परिचारिका बर्निस फॅवेल ओरडली होती, "आजी, तिला त्रास देऊ नका! ती रुसून घरी बसली तर तुमचं रक्त मला काढावं लागेल, आणि मी गाईगुरांच्या डॉक्टरकडे शिकलेय!"

सगळ्या हसल्या होत्या. टेक्लाही हसली होती. कापूस दाबून धरलेला तिचा हात मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला होता.

तारेवरून एक पीस सुटलं.

टेक्लाने कप झेनॉनला परत दिला, कोटाच्या आतून कॅमेऱ्याची बॅटरी काढली आणि कॅमेऱ्यात बसवली. इतका वेळ ती काखेत ऊब घेत होती, नाहीतर या थंडीत पहिल्याच फोटोला मान टाकते. आणखी दोन पिसं पडली. वळणाच्या पलीकडे हुचुलाकांच्या शेतघराचा अंगणातला दिवा एकटाच पिवळा जळत होता. बाकी सगळीकडे बर्फाचाच तेवढा निळसर उजेड. मग सबंध तार भुरभुरली आणि रूळ बोलायला लागले.

तिने कोपरं बरगड्यांशी आवळली, श्वास अर्धा सोडून थांबवला, आणि ठरवलं की आज चुकीचं काही शोधायचं नाही. फक्त बघायचं.

गाडी वळणावर आली. आधी बर्फ तांबडं झालं, मग हिरवं, मग एकदम सगळ्या रंगांचं. डब्यांच्या छपरांवरून माळा लोंबत होत्या, एका डब्यावर दिव्यांची हरणं धावत होती, एकावर बर्फाचा माणूस टोपी हलवत होता. स्टेशनाकडे निघालेली गाडी सावकाश चालली होती. चाकांचा आवाज बर्फात मुरून मऊ झाला होता. टेक्लाने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. इंजिनाच्या खिडकीतून चालकाने हात केला. दरवर्षी तोच असेल असं नाही, पण हात दरवर्षी कुणीतरी करायचंच. शेवटचा डबा गेला, त्याच्यामागे थोडं बर्फ उडालं आणि खाली बसलं.

"आला का?" झेनॉनने विचारलं.

"बघते."

पहिल्या फोटोत गाडी होती, आणि तिच्या प्रत्येक दिव्याने एक लहर काढली होती. वर, खाली, वर, खाली, मग थोडीशी वर. तांबडा, हिरवा, निळा, सगळ्या दिव्यांनी नेमकी तीच लहर काढली होती. एकाच मुलाने शंभरदा तेच अक्षर गिरवावं तशी. वळणावरचे रूळ खराब आहेत, गाडी डुलते, असं म्हणता आलं असतं. टेक्लाने फोटो मोठा करून हुचुलाकांच्या अंगणातल्या दिव्यावर आणला. तो दिवा खांबाला पक्का बांधलेला होता. तोही जागच्या जागी तसाच वर, खाली, वर, खाली गेला होता.

दुसरा फोटो तसाच. तिसराही.

तिने कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळलं, म्हणजे उबेत नेल्यावर भिंगावर पाणी धरणार नाही. मग मोटारीत येऊन बसली.

"बिघडले का फोटो?"

"नाही. नीट आलेत," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ते नीटच आले होते. जे होतं ते त्यांनी जसंच्या तसं दाखवलं होतं.

स्टेशनातली गाणी संपवून लोक हॉलमध्ये आले तेव्हा तिथे कांदा परतल्याचा वास भरला होता. लांब मेजांवर पेरोगींच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या पराती, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, बीटाचं सूप. हातमोज्यांचे आणि टोप्यांचे ढीग रेडिएटरवर वाळत पडले होते. टेक्लाने पिशवी मेजावर ठेवून कॅमेऱ्याला उबेची सवय होऊ दिली. तेवढ्यात आजींनी पलीकडून चमचा वाजवला.

"अगं, आणतेस का कॅमेरा, का पुढच्या नाताळाला दाखवणार?"

"थांबा आजी, त्याला घाम फुटेल."

"मला फुटलाय वाट बघून."

शेवटी पिशवी उघडली आणि कॅमेरा फिरू लागला. बर्निसने तो आधी घेतला आणि तिचे हात जागीच थांबले.

"हे काय केलंयस तू?"

टेक्ला रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली.

"बघा, बघा हे!" बर्निसने शेजारणीला दाखवलं, तिने तिच्या नवऱ्याला. कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, आणि जाईल तिथे लोक जेवायचे थांबले. "दिवे नाचतायत." "हे यंदा नवीन आहे हं." "दरवर्षीचे चांगलेच असायचे, पण हा काही वेगळाच." आजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कॅमेरा नाकाजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिलं.

"भरतकाम आहे हे," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या टॉवेलांना अशी किनार असायची. तांबडा दोरा, काळा दोरा, वर खाली, वर खाली. एक टाका चुकायचा नाही." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हाच. कार्डावर हाच."

टाळ्या पडल्या. झेनॉन उठून उभा राहिला आणि त्याने वाकून सलाम केला.

"तू कशाला वाकतोयस?" आजींनी विचारलं.

"श्रेय माझं आहे. ट्रायपॉड मी तळ्यावर विसरलो."

"मासे मिळाले?"

"विषय फोटोचा चाललाय, आजी."

हॉल हसला. टेक्ला त्या हसण्याच्या मधोमध बसली होती. गप्प बसायला इतकी सोपी वेळ तिला आजवर मिळाली नव्हती. कुणी खोटं बोला म्हणत नव्हतं. नुसतं हसायचं, मान डोलवायची, आणि तो फोटो सगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन वर्षभर फ्रीजच्या दारावर बसणार. सोमवारी दवाखाना उघडणार, कुणीतरी बाही वर करणार, आणि टेकायला दंड असेल.

आजींनी कॅमेरा तिच्याकडे परत द्यायला हात लांब केला. लोकरीची बाही मागे सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला साकळलेल्या रक्ताचा डाग अजून होता, कडेने पिवळा, आत हिरवा, मधोमध जांभळा, तळहाताएवढा. आजींच्या ते गावीही नव्हतं.

"बघतेस काय, घे की."

टेक्लाने कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला.

"पण केलंस कसं, ते सांग ना," बर्निस तिच्या शेजारी येऊन बसली. "गाडी हलत होती का? त्या वळणावर रूळ दबलेत म्हणे."

झेनॉन चहाचा ट्रे घेऊन आला आणि मेजावर एकेक कप ठेवत गेला. बर्निसचा कप, आजींचा कप, पलीकडच्या जोडप्याचे दोन. सगळे काठोकाठ. आजींच्या कपातला तर बशीत सांडला आणि आजींनी त्याला शिव्या दिल्या. शेवटचा कप त्याने टेक्लासमोर ठेवला. तो अर्धा होता.

टेक्ला त्या कपाकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या ताटातल्या पेरोगींवर परतलेला कांदा घालत होता, फार लक्षपूर्वक, जसं काही जगात दुसरं कामच नाही. गेला अख्खा हिवाळा, सगळा वसंत, उन्हाळा. अर्धा कप, अर्धी वाटी. एकदाही काही बोलला नव्हता.

"झेनॉन," ती हळूच म्हणाली.

"थंड होतो गं लगेच," तो कांद्याकडे बघत म्हणाला.

"हो. माहितेय मला."

तिने कप उचलला. एकाच हाताने उचलला आणि मेजापासून वीतभर वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. चहा कपाच्या आत या कडेला लागला, त्या कडेला लागला, पुन्हा या कडेला. अर्धा होता म्हणून सांडला नाही. बर्निसने कपाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. परिचारिका होती ती. तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

"रूळ नाही दबलेले," टेक्ला म्हणाली. "यात हुचुलाकांच्या अंगणातला दिवा बघ. तोही तसाच नाचतोय, आणि तो तर खांबाला बांधलेला आहे."

"कधीपासून?" बर्निसने विचारलं.

"ट्रायपॉड घेतला त्याच्या आधीपासून."

"आणि मला आत्ता सांगतेयस?"

"दरवर्षी म्हणायचे, गाडी जाऊ दे, मग बघू."

"काय चाललंय तुमचं कुजबुजत?" आजींनी विचारलं. "कार्डाचं ठरलं ना? तोच फोटो."

"तोच, आजी," टेक्लाने कप खाली ठेवला आणि आजींच्या बाहीवर हात ठेवला. तिथे टेकल्यावर हात थांबला, नेहमीसारखा. तिने तो उचलून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. मग मेजाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गाडी तर गेली, बर्निस. नव्या वर्षापासून मी सुई हातात धरणार नाही. माझ्या जागी दुसरं माणूस शोधायला लाग."